थंडी खाली, ऊन वर

माहूज, बहरीन
जानेवारीतला एक रविवार

ती. अरुणाताईस,

सप्रेम जय भीम. तुझी कंबर, भाऊजींचं बीपी आणि अमरावतीची थंडी, तिन्ही आटोक्यात असतील असं धरून चालते. आमचं विचारशील तर सगळे जिवंत आहोत. जॉर्जियाच्या सहलीनंतर एवढं म्हणता येतं हेही पुष्कळ. तू फोनवर दोनदा विचारलंस, बर्फ कसा होता म्हणून. दोन्ही वेळा हे शेजारीच बसले होते, म्हणून मी 'छान होता' एवढंच म्हटलं. आज हे कामावर गेलेत, तेव्हा आता सविस्तर ऐक.

सासूबाईंना जन्मात एकदा बर्फ हातात घेऊन बघायचा होता, म्हणून हा सगळा घाट. त्या दरीत दोन हॉटेलं होती. एक डोंगरावर, रोपवेच्या वरच्या टोकाला, आणि एक खाली नदीकाठी. मी म्हटलं वरचं घेऊ. ह्यांनी मला भूगोल शिकवला: जितकं उंच जावं तितकी थंडी जास्त, आणि आईचे गुडघे आधीच कुरकुरतात. (हा माणूस इथे तुबलीत एसीच्या कंपनीत इंजिनियर आहे, हे लक्षात ठेव.) झालं, खालचं बुक केलं.

पोचलो तर दरीत धुकं असं दाटलेलं की समोरची नदी फक्त ऐकू येत होती. जमिनीवर महिनाभराचा जुना बर्फ, दगडासारखा टणक. भाड्याच्या गाडीचं दार गोठून बसलेलं, ते उघडायला ह्यांनी त्यावर गरम पाणी ओतलं, तेही गोठलं. तीन दिवस सूर्य म्हणून दिसला नाही. आमची श्रावस्ती 'आय वाँट टु गो होम' एवढ्या एकाच वाक्यावर आली होती. सासूबाई हीटरला पाठ लावून बसायच्या आणि मुलाकडे बघायच्या. नुसत्या बघायच्या. ह्यांचं आपलं चालूच: 'इथे ही गत आहे, तर वर काय असेल विचार करा.'

चौथ्या दिवशी बाजारात मोजे घ्यायला गेलो. दुकानातून बाहेर येऊन बघतो तर सासूबाई नाहीत. फोन त्यांनी खोलीवर ठेवलेला (थंडीने बिघडतो म्हणून). ताई, त्या धुक्यात पाच पावलांवरचं माणूस दिसत नव्हतं. बाईला मराठीखेरीज भाषा येत नाही, रस्ते निसरडे, शेजारी नदी. हे 'आई, आई' हाका मारत पळत होते, दोनदा घसरून पडले, आणि तिसऱ्यांदा पडले तेव्हा उठायच्या आधी रडले. ते मी प्रथमच पाहिलं. शेवटी रोपवेवरच्या माणसाला मोबाइलमधला फोटो दाखवला. त्याने नुसतं वर बोट केलं. मला वाटलं, गेल्या म्हणतोय. नंतर कळलं, तो डोंगर दाखवत होता.

आम्ही पाळण्यात बसलो. मिनिटभर सगळं पांढरं, आणि मग, खरं सांगते, बुडालेलं माणूस पाण्याबाहेर यावं तसे आम्ही धुक्याबाहेर आलो. वर निळंशार आभाळ, लख्ख ऊन. आणि त्या उन्हात बाकड्यावर सासूबाई, स्वेटर काढून मांडीवर घेतलेला, दोन जॉर्जियन म्हाताऱ्यांच्या मधे बसून अक्रोड खात होत्या.

'आई, तू इथे कशी?' ह्यांचा आवाज फाटला होता.

'काहून? वरून उतरनारे लोकं स्वेटर खांद्यावर टाकून येत होते. म्हटलं, वर काही तरी हाय. तुमी मोज्यात गुतले होते.'

हॉटेलवाल्याने संध्याकाळी समजावलं. हिवाळ्यात रात्री थंड हवा जड होऊन उतारावरून खाली घसरते आणि वाटीत पाणी साठावं तशी दरीत साठते. वरून धुक्याचं झाकण बसतं, जमिनीवरचा बर्फ ऊन परतवून लावतो, आणि वारा सुटेपर्यंत ती थंड हवा हलत नाही. हे म्हणाले, 'टेक्निकली बरोबर आहे.' ताई, थंड हवा खाली बसते म्हणून एसी भिंतीत उंच लावा, असं ज्या माणसाने अर्ध्या बहरीनला सांगितलं, त्याच माणसाने स्वतःच्या आईला नेऊन दरीच्या तळाशी ठेवलं होतं.

वरचं हॉटेल अर्थातच भरलेलं. उरलेले दिवस सकाळी वर जाऊन शेकलो आणि संध्याकाळी खाली येऊन गोठलो. आता सासूबाई भेटेल त्याला हे सांगतात. परवा विहारात सांगितलं, काल लिफ्टमध्ये एका बहरीनी बाईला सांगितलं. ती 'माशाल्ला' म्हणाली.

भाऊजींना नमस्कार, पिंटूला आशीर्वाद.

तुझी वैतागलेली,
ज्योत्स्ना

ता. क. बर्फ हातात घेतल्यावर सासूबाई म्हणाल्या, 'फ्रिजमधला बरा असते.' एवढ्यासाठी गेलो होतो.

आणखी एक ता. क. खरं काम हे आहे. सासूबाईंचा व्हिसा पुढच्या महिन्यात संपतोय. हे वाढवायला तयार आहेत, पण त्यांनी बॅग भरायला घेतली आहे. म्हणतात, सुनेला किती दिवस त्रास द्यायचा. श्रावस्ती आमच्याशी इंग्रजीत बोलते आणि त्यांच्याशी मराठीत भांडते, हे घर परत गप्प झालेलं मला नको आहे. तू त्यांना फोन कर. मी सांगितलं असं बिलकुल म्हणू नकोस. 'ज्योत्स्नाला तुमचा फार कंटाळा आलाय' असं म्हण, म्हणजे हट्टाने राहतील.