दोन सीटची लाल गाडी

७ सप्टेंबर, रविवार

पाय दुखून राहिले. आज तीन गाड्या पाहिल्या. तिन्ही म्हणे "घरची गाडी, एका हाताची"! पहिल्याच्या आरसीवर भलत्याच माणसाचं नाव. विचारलं तर म्हणतो, "मित्राची आहे मॅडम, भावासारखा आहे." भावासारखा! म्हणजे दलाल. दुसऱ्याची पिवळी गाडी वरून नवरीसारखी सजलेली, अन् मागचं कारपेट उचललं तर खाली सगळा गंज. पुरात बुडालेली गाडी मला विकायला निघाला! हसला तेव्हाच मला शंका आली होती. दातांची डॉक्टर आहे मी, लक्ष आधी तिथंच जातं. काय करू.

खरा वैताग वेगळाच. गाडी मला घ्यायची आहे, अन् हे सगळे बोलतात बाबांशी. "अंकल, बसून तर पाहा." "मॅडम, सर नाही आले का?" कोणते सर? सर घटस्फोटाच्या कागदावर सही करून सहा वर्षांपूर्वी गेले, टूथब्रशसुद्धा घेऊन गेले.

बाबांना मीच नेते सोबत. नत्थूजी, उमरेड डेपो. सारा जन्म एसटी चालवली, गाडीला कधी ओरखडा नाही. मी कॉलेजला उमरेडहून नागपूरला यायची ती त्यांच्याच गाडीत, त्यांच्या बाजूला, इंजिनाच्या गरम बॉनेटवर बसून. तेव्हापासून माझ्या डोक्यात एकच - आपली स्वतःची एक गाडी असावी, खाली बसणारी, दोन दारांची, उगाच आवाज करणारी. कामाची नको. हौसेची! पंचेचाळिसावं लागलं. आतापर्यंत खुर्ची घेतली ती पेशंटसाठी, फ्लॅट घेतला तो सगळ्यांसाठी. ही एकच गोष्ट माझी. अन् बाबा हो म्हणतील तीच घेणार.

तिसरी गाडी लाल. जपानी, जुनीच, पण काय दिसते! मालक अंकित म्हणून एक पोरगा, नंदनवनला राहतो. लग्न ठरलंय, सासरे म्हणाले घरादाराची गाडी घ्या. गाडीत दोनच सीट, अन् मालक बाजूला बसल्याशिवाय कोणी टेस्ट ड्राइव्ह देत नाही. म्हणून बाबा अन् तो आत, मी फुटपाथवर. बाबांनी चावी फिरवली अन् बसून राहिले. गाडी हलेना. मी वाकून विचारलं, काय झालं? म्हणाले, "घंटी कुठं झाली?"

आम्ही खो खो हसलो. मी कंडक्टरच्या घंटीसारखी टपावर दोनदा थाप मारली, तेव्हा सुटली गाडी. गल्लीतून अशी फिरवून आणली की अंकित बघतच राहिला. उतरून म्हणाले, "क्लच नवा हाये. मागचा जाळला असन यानं. पण गाडी इमानदार हाये."

१० सप्टेंबर

सकाळी बाबा खाली माझ्या दवाखान्यात जायच्या जुन्या गाडीच्या टायरना दांडक्यानं ठोकून राहिले होते. डेपोची सवय. वर आले अन् म्हणाले, "उद्या फर्स्ट ड्युटी हाये, डबा करून ठेवजो." मी म्हटलं, बाबा, कितीदा तेच तेच मजाक! दिवसभरात इतक्या रूट कॅनाल केल्या की बोटं वळत नाहीत.

१४ सप्टेंबर, रविवार

धरमपेठला पांढरी पाहिली. जर्मन, टप उघडतो. मालकीण उन्नती, माझ्याच वयाची. नवऱ्याची बदली झाली, गाडी न्यायची सोय नाही. पहिल्यांदा कोणीतरी माझ्याशी बोललं! चहा दिला, सर्व्हिसचे सगळे कागद लावून ठेवलेले, कर्ज नाही, भानगड नाही. "आज म्हणाल तर आज घेऊन जा." बाईचे दात सुंदर.

पण ऑटोमॅटिक. बाबा आत बसले, डावा हात गिअर शोधत राहिला. पाय क्लच शोधत राहिला. उतरले. "हे गाडी होय का शिलाई मशीन?" उन्नतीबाईंच्या तोंडावर! मी मेल्याहून मेल्यासारखी.

डोकं म्हणतं पांढरी. मन म्हणतं लाल. बाबा तर लालच म्हणतात.

१६ सप्टेंबर

पुण्याहून रविंद्रचा फोन. धाकटा भाऊ, पण बोलतो आजोबासारखा. "दोन सीटची? मग बाबांना कुठं बसवशील?" बाजूला! अजून कोण आहे मला? "तुझं वय काय, शोभतं का तुला?" फोन ठेवला. त्याच्या घरी तीन टीव्ही आहेत, ते शोभतात.

२१ सप्टेंबर, रविवार

बाबा झोपले. आता लिहिते.

लाल गाडीची हायवेवर एकदा परीक्षा घ्यायची म्हणून नंदनवनला गेलो. तसंच - बाबा अन् अंकित आत, मी फुटपाथवर. टपावर दोन थापा मारल्या. गेले. पंधरा-वीस मिनिटांत यायचे. थोड्या वेळानं अंकितचा फोन, "मॅडम, अंकल एक नंबर चालवून राहिले! जरा लंबा राउंड मारतो." मी खूश. अंकितच्या आईनं वर बोलावलं, पोहे दिले. पोहे संपले. चहा झाला. फोन लागेना. मग एकदम त्याचाच आला. आवाज वेगळा.

"मॅडम, आम्ही उमरेडला आहोत. स्टँडवर. तुम्ही या न."

मला समजेचना. उमरेड? काहून? तो म्हणाला, "मी शहर संपताना दिघोरीलाच म्हटलं, अंकल, आता फिरवू. तर म्हणाले, मधातून कशी फिरवता येईन, प्यासेंजर बसले हायेत. मला वाटलं मजाक करतात. पाचगावच्या थांब्यावरही थांबले, कोणी उतरलं नाही, मग निघाले."

माझी जुनी गाडी घेऊन कशी गेले मला ठाऊक नाही. स्टँडवर ही गर्दी! दोन उंच एसट्यांच्या मधात, कुहीच्या गाड्यांच्या फलाटावर, ती ठेंगणी लाल गाडी बरोबर रेषेत लावलेली. पोट्टे फोटो काढून राहिले. एक म्हातारी पिशवी घेऊन खिडकीशी वाकलेली - "काहो, कुहीले जाते काय?" अन् बाबा तिला शांतपणे सांगत होते, "जाते न मावशी. सुटतेच आता. कंडक्टर येऊ द्या."

लोक हसत होते. मीही हसणार होते. मग मी बाबांचं तोंड पाहिलं. ते मजाक करत नव्हते. एकदाही करत नव्हते! घंटी, डबा, फर्स्ट ड्युटी - काहीच मजाक नव्हता. अन् मी पंधरा दिवस हसत होते.

अंकित रागावला नाही, हे लिहून ठेवते. त्यानं बाबांना चहा आणून दिला होता, बाजूला बसून होता. मला हळूच म्हणाला, "तुम्ही बसा अंकलजवळ. तुमची गाडी मी आणतो मागून." मी बसले. बाबा सुटेनात. मी हात बाहेर काढून टपावर दोनदा मारलं. त्यांनी आरशात पाहिलं, पहिला गिअर टाकला अन् नागपूरपर्यंत इतकी सुरेख गाडी चालवली की मी तोंड खिडकीकडे करून रडत बसले.

घरी आल्यावर म्हणाले, "आज रविवार न? मटण नाही आणलं?"

२३ सप्टेंबर

डॉक्टरांनी विचारलं, आज वार कोणता? बाबा माझ्याकडे पाहू लागले. उमरेड ते नागपूर थांबे सांगा म्हटलं, तर सगळे घडाघडा, कोणत्या थांब्यावर कोणाची चहाची टपरी तेही. विसरण्याचा आजार. वाढत जाणार. "माणसं ओळखेनाशी होतील. केव्हा ते सांगता येत नाही. स्टिअरिंग हातात देऊ नका."

मी स्वतःला डॉक्टर म्हणवते. मला दात दिसले सगळ्यांचे.

२५ सप्टेंबर

गाडी नाही घेत. अंकितला कळवलं, उन्नतीबाईंना कळवलं. रविंद्र म्हणाला, "तरी मी सांगत होतो." काय सांगत होतास रे भैताडा? तू तर दोन वर्षं आला नाहीस!

२८ सप्टेंबर, रविवार

काही नाही. झोपून काढला. बाबा गॅलरीत बसून येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या पाहत होते.

२ ऑक्टोबर, दसरा

सकाळी बाबा पांढराशुभ्र सदरा घालून तयार. "आज जादा गाड्या सोडतात दीक्षाभूमीले. मी पाच-पाच फेऱ्या मारत होतो, मालूम हाये?" मी घाबरले, म्हटलं, आज पुन्हा ड्युटीवर जायला निघाले का काय. तर म्हणाले, "ड्युटी नाही वं. दर्शनाले चाल. आता तर रिटायर हावो मी."

आज सगळं जागेवर होतं! गर्दीतून हळूहळू गेलो. वर्दीतला एक जुना कंडक्टर भेटला, त्याला नावानं हाक मारली, जयभीम घातला, त्याच्या नातवाचं विचारलं. मग झाडाखाली सतरंजी टाकून बसलो. पुरी-भाजी खाता खाता एकदम म्हणाले,

"लाल गाडी घेतली नाहीस तू. काहून?"

मी म्हटलं, नको आता. तुम्हाला चालवता येणार नाही बाबा.

"मले मालूम हाये." पुरीचा तुकडा हातातच. "मी भुलून राह्यलो वं दीप्ती. मले समजते थोडं थोडं. त्या दिवशी उमरेडले, तू टपावर हात मारला तवा समजलं, का हे माही पोरगी होय अन् हे एसटी नोहे. तोवर नाही समजलं."

मी त्यांचा हात धरला.

"मी बाजूले बसीन न. तू माह्या बॉनेटवर बसत होती, तसा. चालव तू. पण लवकर घेजो. मले आठवते तोवर घे."

लोकांच्या गर्दीत मी ढसाढसा रडले. एक बाई पाणी घेऊन आली. बाबा तिला म्हणाले, "काही नाही बाई, गाडी घेऊन राह्यली माही पोट्टी."

४ ऑक्टोबर

अंकितला फोन केला. तो खूश! पण लाल गाडीवर बँकेचं कर्ज होतं. फेडलेलं आहे, पण बँकेचा तसा दाखला यायचा आहे. आल्याशिवाय नावावर होत नाही. "होऊन जाईल मॅडम, आठ-पंधरा दिवस."

उन्नतीबाईंची पांढरी अजून आहे. त्यांचं गिऱ्हाईक फिरलं. "उद्या घेऊन जा," म्हणाल्या.

उद्या! कागद साफ, गाडी साफ. अन् इकडे पंधरा दिवस. बाबांकडे पंधरा दिवस आहेत का, कोणाला विचारू?

५ ऑक्टोबर, रविवार

बाबांनाच विचारलं. बरे होते. म्हटलं, पांढरी उद्या येते, लाल उशिरा. बराच वेळ बोटांनी गुडघ्यावर ठोकत राहिले. मग म्हणाले, "गिअरवाली घे. गिअरचा आवाज आईकला का मले समजते, कुठं आलो."

लाल. ठरलं. उन्नतीबाईंना नको म्हणून कळवलं तर त्या म्हणाल्या, "बरं केलं, मनाचं ऐका." मी मनाचं नाही, बाबांचं ऐकलं.

९ ऑक्टोबर

दाखला नाही. बँकेतला माणूस म्हणतो साहेब सुट्टीवर. मी इतकी ओरडले की वेटिंगमधली पेशंट उठून गेली.

बाबांनी आज आईला हाक मारली. आई जाऊन नऊ वर्षं झाली. दार उघडून वाट पाहत उभे होते.

१३ ऑक्टोबर

नाही.

१६ ऑक्टोबर

आला दाखला! अंकित स्वतः घेऊन आला, सोबत पेढे. बाबांना म्हणाला, "ओळखलं का अंकल?" बाबा म्हणाले, "क्लच जाळणारा पोट्टा!" आम्ही तिघं हसलो. किती दिवसांनी. रविवारी गाडी घरी आणायची.

१९ ऑक्टोबर, रविवार

नंदनवनहून निघालो. मी स्टिअरिंगवर, बाबा डावीकडे, मांडीवर हात ठेवून. चावी फिरवली अन् मुद्दाम थांबले. बाबांनी वर टपाला दोनदा ठोकलं. "जाऊ द्या!" म्हणाले. मी हसले, पहिला टाकला, दुसरा टाकला. काय आवाज आहे गाडीचा! वाटलं, पोचलो बाबा, वेळेत पोचलो.

मेडिकल चौकात सिग्नलला माझ्याकडे वाकून, अदबीनं म्हणाले, "ड्रायव्हर साहेब, प्रताप नगरले जरासक थांबवजा. तिथं माही पोरगी राह्यते. आज नवी गाडी येऊन राह्यली तिची."

मी म्हटलं, "हो नत्थूजी. थांबवू."