चार मिनिटं दहा सेकंद

प्रिय माफीबाई,

माझं पत्र पाहून तू आधी घाबरशील, म्हणून पहिल्याच ओळीत सांगते: घरी सगळे ठीक आहेत, कोणी आजारी नाही. लिहायचं आहे ते त्या कॉलबद्दल, ज्यामुळे तुझी नोकरी गेली. फोन करता आला असता. दोनदा नंबर काढलाही. पण तिसऱ्या वाक्याला तू 'असू दे गं, झालं ते झालं' म्हणशील आणि मी तेवढ्यावर सुटेन. मला कमी शब्दांत सुटायची सवय आहे, हे तुला वेगळं सांगायला नको. लिहिलेल्याला मध्येच थांबवता येत नाही. तेव्हा शेवटपर्यंत वाच, आणि वाचताना माझी बाजू घेऊ नकोस.

आपली मदत कक्षाची खोली तशीच आहे. तुझ्या खुर्चीचं डावं चाक अजून अडकतं. भिंतीवरचा बोर्डही तोच: बारा नावं, कॉलवर असलं की हिरवं, सुट्टीचा वेळ एका मिनिटानेही ओलांडला की लाल. आणि कोणाचं नाव लाल होऊ नये म्हणून शेजारचीने तिच्या खुर्चीत बसायचं, तिच्याच लॉगिनवर एखादा कॉल घ्यायचा, हेही तसंच चालू आहे. साहेबांना ते माहीत आहे आणि माहीत नाही. एका कॉलला माझी सरासरी साडेचार मिनिटं होती, तुझी अकरा. दर सोमवारी साहेब बोर्डापुढे उभे राहून म्हणायचे, 'घड्याळाकडून शिका जरा.' ते माझं कौतुक असायचं, आणि तुला टोमणा. तू हसायचीस. मीही हसायचे.

आपल्याला रुजू होताना सहा दिवस बोलायचं कसं हे शिकवलं होतं, आठवतं? शिकवणाऱ्या त्या बाई एकच गोष्ट घोकून घ्यायच्या. आधी समोरच्याला पूर्ण बोलू द्या. मग त्याचंच म्हणणं आपल्या शब्दांत त्याला परत सांगा. त्याने 'हो, हेच' म्हटलं की मगच यंत्राला हात लावा. मी हाताची घडी घालून शेवटच्या बाकावर बसले होते. वहीत लिहिलं होतं, 'बिघाड यंत्रात असतो, बोलण्यात नसतो.' आणि तू लिफ्टच्या आरशासमोर उभी राहून पाठ करत होतीस: 'तुम्हाला त्रास झाला त्याबद्दल मनापासून माफी मागते. चूक आमच्याकडूनच झाली असेल.' बाई म्हणाल्या होत्या, चूक कोणाची ते नंतर बघू, आधी माणूस शांत झाला पाहिजे. तुझ्या अंगात ते इतकं मुरलं की कँटीनमध्ये एकाने तुझ्या ओढणीवर चहा सांडला तर तूच त्याला सॉरी म्हणालीस. तेव्हापासून तू माफीबाई.

मी तुला चिडवायचे, पण तुझे कॉल कान देऊन ऐकायचे, हे कधी सांगितलं नाही. ज्या हॉस्पिटलचे कॉम्प्युटर आपण फोनवरून सांभाळतो, त्याच्या औषध भांडारातले ते म्हातारे आजोबा आठव. 'कॉम्प्युटर रुसलाय' एवढंच सांगायचे. मी असते तर त्यांच्या मशीनचा ताबा घेऊन अर्धा तास सेटिंग शोधत बसले असते. तू विचारलंस, 'कधीपासून रुसलाय? आणि त्याआधी कोणाशी भांडला?' ते हसले, आणि हसताना त्यांना आठवलं की सकाळी टेबल सरकवलं होतं. वायर निघाली होती. कॉल तेरा मिनिटांचा झाला, त्यातली नऊ मिनिटं त्यांच्या सुनेबद्दल होती. बोर्डावर तेरा मिनिटं दिसली. मी असते तर अर्धा तास गेला असता, तो कुठेच दिसत नव्हता.

आता तो कॉल. तुला जेवढं सांगितलं गेलं तेवढंच आधी लिहिते. लॅबमधून वॉर्डात जाणारे रिपोर्ट छापले जात नव्हते, म्हणून लॅबच्या बाईंनी फोन केला. आपल्याकडून छपाईची अडकलेली रांग पुसली गेली आणि प्रिंटर सुरू झाला. त्या रांगेत सकाळचे सोळा रिपोर्ट थांबलेले होते. तेही पुसले गेले. लॅबच्या पडद्यावर त्यांच्यापुढे 'पाठवले' असं दिसत होतं, त्यामुळे लॅबने परत काढले नाहीत. वॉर्डाला वाटलं, अजून आले नाहीत. सोळातला एक रिपोर्ट भूगोल शिकवणाऱ्या एका निवृत्त मास्तरांचा होता. रक्तातलं पोटॅशियम धोक्याच्या वर गेलेलं. डॉक्टरांना ते एकोणीस तासांनी कळलं. मास्तर अकरा दिवस अतिदक्षता विभागात होते. घरी गेले, स्वतःच्या पायांनी गेले. मी चौकशी करून खात्री करून घेतली आहे.

नोंद तुझ्या नावावर होती. सहाव्या दिवशी साहेबांनी तुला काचेच्या खोलीत बोलावलं आणि कॉलचा लेखी उतारा पुढे ठेवला. आपल्याकडे रेकॉर्डिंग कोणी ऐकलंच नाही. उतारा वरच्या ऑफिसातून टाइप होऊन आला होता. त्यात लॅबच्या बाई दोनदा म्हणतात, 'पण सकाळचे जे...' आणि दोन्ही वेळा त्यांना तोडलेलं आहे. 'मॅडम, एका वेळी एकच सांगा. आता प्रिंट येतंय का, एवढंच.' मला काचेतून तुझी पाठ दिसत होती. तू कागद वाचलास, खाली ठेवलास, आणि तुझी मान हलली. नंतर जिन्यात तू मला सांगितलंस की तू साहेबांना काय म्हणालीस. 'मनापासून माफी मागते. चूक माझ्याकडूनच झाली असेल.' साहेबांनी 'असेल' लिहिलं नाही. लिहिलं, 'कबूल केले.'

जिन्यात तू आणखी म्हणालीस, 'मला तो कॉल आठवतच नाही गं. पण नाव माझं आहे. आईच्या ऑपरेशनमुळे त्या आठवड्यात डोकं ठिकाणावर नव्हतं. मी अशी तोडून बोलले असेन का कुणाला?' मी म्हणाले, 'घरी जा. आराम कर.' चार शब्द.

मग तुझा तो मेसेज आला, वाचनालयाच्या नोंदणी विभागात लागल्याचा. 'इथे बरं आहे. कोणाशी बोलावं लागत नाही. माणूस बोलायला लागलं की वाटतं, आपलं काहीतरी ऐकायचं राहतंय.' मी त्यावर अंगठा पाठवला. त्या मेसेजखाली तो अंगठा अजून दिसतो.

गेल्या आठवड्यात साहेबांनी मला नवीन बॅच शिकवायला दिली. विषय तोच, बोलायचं कसं. म्हणाले, 'तू नेमकी बोलतेस, तूच शिकव. आणि तो लॅबचा कॉल उदाहरण म्हणून घे. रेकॉर्डिंग ऐकव, डोक्यात बसेल त्यांच्या.' रेकॉर्डिंग आपल्याकडे नव्वद दिवस राहतात, मग आपोआप पुसली जातात. वर्ग ज्या दिवशी होता तो अठ्ठ्याऐंशीवा दिवस होता. मी कुठे लिहून ठेवलं नव्हतं, तरी रोज सकाळी आकडा माहीत असायचा. मी साहेबांना सांगितलं की फाइल उघडत नाही. आपल्या धंद्यात हे फार सोपं खोटं आहे, कोणी पडताळत नाही. लेखी उताऱ्याच्या दहा प्रती काढल्या. आणखी दोन दिवस ढकलायचे होते, बस.

वर्गात दहा जण होते. साहेब मागच्या दाराशी खुर्ची टाकून बसले. मी दोघींना उभं केलं. एकीने लॅबच्या बाई व्हायचं, दुसरीने टेक्निशियन. दुसरी पोर तुझ्यासारखी निघाली. 'मॅडम, एका वेळी एकच सांगा' हे तिने इतक्या मऊ आवाजात वाचलं की ते काळजी घेतल्यासारखं वाटलं. पहिल्या रांगेतला एक चष्मेवाला म्हणाला, 'यात उद्धट काय आहे? नीटच तर बोलतायत त्या.' ती पोर म्हणाली, 'कागदावरून कसं कळणार? मॅडम, तुम्हीच सकाळी सांगितलंत ना, शब्द तेच असतात, माणूस आवाजात असतो. आवाज ऐकवा ना.' साहेब मागून म्हणाले, 'फाइल बिघडलीय.' चष्मेवाला उठलाच. 'बघू का सर? कोणती फाइल आहे?'

मी धाडस केलं असं समजू नकोस. तो पोरगा लॅपटॉपपर्यंत आला असता तर दोन मिनिटांत त्याने ती फाइल उघडली असती. मी फक्त त्याच्या आधी हात पुढे करून ती चालू केली. वर्गात सुरुवातीचं ते ठरलेलं वाक्य वाजलं. 'नमस्कार, मदत कक्ष,' आणि पुढे तुझं नाव, 'बोलतेय.' नाव तुझं. पुढची चार मिनिटं दहा सेकंद ते वाजत राहिलं. मी टेबलाच्या कडेकडे बघत होते. लॅबच्या बाई दुसऱ्यांदा 'पण सकाळचे जे' म्हणाल्या तेव्हा त्यांचा आवाज बारीक झाला होता. उताऱ्यात ते नव्हतं. आवाज बारीक झालेला टाइप करता येत नाही. मग खट्कन कॉल बंद. ती मऊ आवाजाची पोर हळूच म्हणाली, 'मॅडम, हा तर तुमचा आवाज आहे.' मी म्हणाले, 'हो.' मागे साहेबांची खुर्ची वाजली.

त्या दिवशी दुपारी तू तुझ्या आईच्या डॉक्टरांशी बोलायला गच्चीवर गेली होतीस. एक पन्नासला तुझी सुट्टी संपली. एक एक्कावन्नला तुझं नाव लाल व्हायला लागलं, म्हणून मी तुझ्या खुर्चीत बसले. एक बावन्नला लॅबचा फोन आला. लॉगिन तुझं, म्हणून नाव तुझं सांगितलं, सगळ्याच सांगतात. तू दोन वाजून पाच मिनिटांनी आलीस. डोळे लाल होते. तू विचारलंस, 'कोणाचा फोन होता का?' मी म्हणाले, 'लॅबचा. झालं ते.' नोंदीवरची वेळ मी चौकशीच्या पहिल्याच दिवशी पाहिली होती. तू पाहिली नाहीस, कारण वेळ तपासायच्या आधीच तू माफी मागून मोकळी झालीस. तू मला एकदा विचारलं असतंस तर मी सांगितलं असतं, असं मी ब्याऐंशी दिवस स्वतःला सांगत होते. जिन्यात तू विचारलंच होतंस की. मी अशी तोडून बोलले असेन का, म्हणून. त्याचं उत्तर मला माहीत होतं. तू अशी कधीच बोलली नाहीस. रांग पुसायच्या आधी 'यात काय काय आहे, परत काढता येईल का' हे तू प्रत्येकाला विचारायचीस. तुझी अकरा मिनिटं त्यातच जायची.

मी लेखी जबाब दिला आहे. रेकॉर्डिंग राखून ठेवण्याचा अर्ज दिला आहे, त्याची पोच माझ्याजवळ आहे. सोमवारी अकरा वाजता पुन्हा चौकशी आहे. पण आज साहेबांनी मला बाजूला घेतलं. दुसऱ्याच्या लॉगिनवर बसायची सवय हॉस्पिटलला कळली तर आपलं सगळ्यांचं काम जाईल, म्हणाले. मग म्हणाले, 'ती तर आधीच कबूल झालेली आहे. तिला उद्या दुपारी फोन करतो. ती पुन्हा तेच म्हणाली, तर कशाला वाढवायचं?' म्हणून हे पत्र. उद्या सकाळी वाचनालय उघडताना मी स्वतः ते खिडकीत देऊन जाईन, आत येणार नाही. त्यांचा फोन दुपारी येईल. ते आधी आईची चौकशी करतील, गोड बोलतील, त्यांचा आवाज थकलेला असेल. तुला त्यांची दया येईल आणि ते वाक्य आपोआप ओठांवर येईल. ते म्हणू नकोस. आधी विचार, कॉल किती वाजताचा होता. मग विचार, आवाज कोणाचा आहे. आणि उत्तर मिळेपर्यंत गप्प राहा. मी इथे माफी मागत नाही. ते वाक्य तुझं आहे, माझ्या तोंडी ते उरकल्यासारखं वाटेल. सोमवारनंतर तू बोलावशील तेव्हा येईन. तू बोल. कितीही वेळ लागू दे, मध्ये तोडणार नाही.

तुझीच,
घड्याळ