पोरगं मागायला

सर, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमचा आवाज आठवायला आता मला जरा थांबावं लागतं. आज मात्र हदगावहून लातूरला परत येताना नांदेडच्या स्टँडवर गाडी बदलत होतो आणि तो आपोआप ऐकू आला. रागावलेलाच होता. म्हणून घरी आल्या आल्या लिहायला बसलो. पत्र टाकायचं कुठं हा प्रश्न नाही, तेवढं बरं आहे.

तुम्ही आमच्या घरी आलात तो दिवस अजून डोळ्यांपुढे आहे. मी आठवी पास झालोय आणि बापानं मला येत्या हंगामात कापसाच्या जिनिंगवर कामाला लावायचं ठरवलंय. तुम्ही सायकल वस्तीच्या तोंडाशी लावता, सरळ आत येऊन जमिनीवर बसता. आई गडबडून जाते, कारण गावातलं कुणी आमच्या घरचं पाणीसुद्धा घेत नाही. तर तुम्हीच म्हणता, "बाई, च्या ठेवा. साखर नसली तर गूळ चालंल." मग बापाकडे वळून म्हणालात, "मी पोरगं मागायला आलोय." बाप हसायला लागला. "सर, लोक पोरगी मागतेत. पोरगं कोन मागतंय?" तुम्ही हसला नाहीत. "मी मागायलोय. दोन वर्सं द्या. दहावी झाली की जसंच्या तसं माघारी आणून देतो." आईनं दिलेला चहा तुम्ही बशीत ओतून, फुंकून, सावकाश प्यायलात. बाप तुमच्याकडे बघत होता. चहा संपला तेव्हा तो म्हणाला, "घेऊन जावा."

हदगावातल्या तुमच्या त्या एका खोलीत आम्ही तीन पोरं होतो, तिन्ही अशीच मागून आणलेली. भाकरी तुम्हीच थापायचा, आमच्या करपायच्या म्हणून. एका हातानं भाकरी उलटायची आणि दुसऱ्या हातानं कुणाच्या तरी डोक्यात टपली द्यायची, कारण बीजगणितात चिन्ह चुकलेलं असायचं. गणिताइतका मार मी कशासाठीच खाल्ला नाही. पण खोटं बोललो त्या दिवशी तुम्ही मारलं नाहीत, आणि तेच जास्त लागलं.

वर्गातल्या एकानं विचारलं होतं, तू सरांचा कोण लागतोस. तुमचं घर निलंग्याचं, दुकानदारांचं, कपाळाला रोज भस्म. मी आमच्या वस्तीचं नाव गिळलं आणि म्हणालो, भाचा. संध्याकाळपर्यंत ते तुमच्या कानावर गेलं. तुम्ही वरण ढवळत होता. मान वर न करता म्हणालात, "भाचा म्हनलास? मंग तुझी माय माझी बहीण झाली की. बोललास तर आता निभवाय पायजे." मला वाटलं, टोमणा आहे. दिवाळीत भाऊबीजेला तुम्ही खरंच आमच्या दारात उभे राहिलात. घरात पाट नव्हता. आईनं पोतं दुमडून टाकलं, तुम्ही त्यावर मांडी घालून बसलात, आणि तिनं तुम्हाला ओवाळलं. वस्तीतली माणसं दारात दाटीवाटीनं उभी होती. मी लाजेनं घराच्या मागं जाऊन बसलो. तुम्ही गेल्यावर आई कितीतरी वेळ रडली, आणि पुढं तुम्ही कायमचे गेलात त्या वर्षीपर्यंत दर भाऊबीजेला तिनं तुमची वाट पाहिली. तुम्ही एकदाही चुकला नाहीत.

आता माझं सांगतो. लातुरात मी फिजिक्स शिकवतो. कॉलेजात शिकवतो, शिवाय क्लासही घेतो. चांगला फ्लॅट आहे. आमच्या आडनावावरून जात कळत नाही, आणि बिल्डिंगमध्ये ती कुणाला कळू नये अशा बेतानं मी राहत आलोय. हे मी मोकळेपणानं कधी कुणाला सांगितलेलं नाही, बायकोला सांगावं लागलं नाही, ती रोज बघतेच, एवढंच. गेल्या महिन्यात माझा चुलतभाऊ मुलाला घेऊन आला. पोरगा दहावीला शाळेत पहिला आलाय. भाऊ म्हणाला, "दोन वर्सं ठिवून घे. तुझ्यासारखं कर त्याला." तेवढ्यात खालच्या मजल्यावरचे साहेब जिना चढून वर आले, चपलांकडे बघून म्हणाले, "पाहुणे वाटतं?" आणि मी म्हणालो, "नाही, गावाकडची माणसं आहेत. कामासाठी आलीत." भाऊ माझ्यासमोरच उभा होता. पोरगाही. मग मी पोराला हॉस्टेलचं सांगितलं, अर्ज ऑनलाइन कसा भरायचा ते सांगितलं, अगदी पुस्तकी मराठीत. भाऊ म्हणाला, "हाव, सर." लहानपणी आम्ही एका ताटात जेवलोय, सर. त्यानं मला तोवर कधी सर म्हटलं नव्हतं.

पोरगा अकरावीला गेलाच नाही, जिनिंगवर जायची भाषा करतोय, हे परवा कळलं. त्या रात्री झोप लागली नाही. आज बायकोला घेऊन जावं असंही वाटलं, पण एकटाच गेलो. वस्तीत भावाच्या घरी जमिनीवर बसलो, चहा मागून घेतला, आणि तुमचं वाक्य बोललो. तुमची नक्कल करतोय असं माझं मलाच वाटत होतं. भावानं माझा रिकामा कप उचलून बाजूला ठेवला. मग म्हणाला, "आता त्यालाच इचार. तो लहान न्हाई राहिला."

पोरगा चौकटीला टेकून उभा होता. रागाचं काही नव्हतं त्याच्या चेहऱ्यावर. म्हणाला, "मला शिकायचंच हाय. येतो मी. फकस्त एवढं सांगा, तिथं मी तुमचा कोन म्हनून ऱ्हायाचं?"

मी म्हणालो, तू ये तर खरा, मग बघू. तो उद्या येणार आहे.

पुतण्या. एका शब्दाचं उत्तर होतं, सर. मला ते सुचलं नाही असं नाही. ते तोंडावर आलं होतं, आणि तेवढ्यात मला खालच्या मजल्यावरचे साहेब आठवले.