पेचकस आत गेला

पौष, गुरुवार, दिवेलागण. पडेगाव.

लिही गं नाती, मी सांगते तसंच लिही, मधी शहाणपणा घालू नको.

आज सलीम मिस्त्रीनं आमच्या जुन्या जीपखाली शिरून मागचं ब्रॅकेट ठोकून पाहिलं. कमानपाटे त्याच्यावरच टांगलेले, म्हणजे मागं बसणाऱ्या साऱ्या माणसांचा भार त्याच्यावर. वरून काळा रंग कसा चकाचक, माझ्या बाळूनंच दिवाळीला फासलेला. सलीमनं पेचकस टोचला, तर भिजल्या भाकरीत जावा तसा आत गेला.

"अम्मा, लोहाच नै बचा. वेल्डिंग पकडेगी किसको?"

नवं ब्रॅकेट जोडावं, तर ते धरायला चासीसुद्धा शाबूत नाय. बाळूनं कैक पावसाळे खताच्या गोण्या वाहिल्या, त्या खतानंच लोखंड खाल्लं. आणि रंगानं गंज जातो व्हय? मग मीबी केस काळे करून पुन्हा नवरी होते.

पण थट्टा करून काय होणार? उद्या अजिंठ्याच्या फेरीला माणसं ठरलीत. बाळू म्हणतो, तारेनं आवळतो, एवढी फेरी निभंल. पेचकस आत गेलेला त्यानंबी पाहिला. माझ्या शेजारीच उभा होता की.

शेवटी म्हणलं, "मग उद्या मागच्या बाकावर, बरोबर त्या ब्रॅकेटच्या वर, मी बसते." वाटलं, आता तरी थांबंल.

तार पिळता पिळता, वर न बघता तो म्हणाला, "बस की माय. पण जरा सरकून बस, सवाऱ्या जास्त हायेत."