ब्लाउजच्या कागदाला गिऱ्हाईक आलं

आई, तुझ्या फोटोपुढे बसून सांगतेय, ऐक. पहिली आली ती शेजारची, वाटी घेऊन. साखर हवी होती म्हणे! गॅलरीतून तिला दिसलं होतं की खाली एक बाई आणि एक साहेब आमच्या खोलीचा नंबर विचारतायत. बसली ठाण मांडून. मागोमाग ते दोघे, तयार ब्लाउज विकणाऱ्या मोठ्या कंपनीतले. घाटकोपरच्या आमच्या दोन खोल्यांत कंपनीची माणसं, आणि कशासाठी? तुझ्या कटिंगसाठी! हसू की कपाळ बडवून घेऊ?

थांब, नीट सांगते. तुझी पणती, म्हणजे माझी नात, कॉम्प्युटरचे प्रोग्राम लिहिते. मागे माझ्याजवळ बसून सगळं विचारून घेतलं तिने. एक खांदा उतरता असला तर काय करायचं, बाही बसते तो मुंढा किती कापायचा. मग असं काही केलं की मापं टाकली की ब्लाउजचं अख्खं कटिंग कागदावर छापून येतं. झकास! मला वाटलं, आता पोरगी कमावणार. तर हिने ते सगळ्यांसाठी उघडं ठेवलं. कोणीही घ्यावं, बदलावं, पुढे द्यावं, फक्त देताना तेही असंच उघडं द्यावं. म्हटलं, "मग खाणार काय गं, हवा?" म्हणते, "आजी, प्रोग्राम फुकट. बसवून देणं, शिकवणं, नवीन काही जोडून देणं, त्याचे पैसे घेते ना." घेते कसली! गोवंडीचे टेलरचाचा नेमके जेवताना फोन करतात, "बेटी, गला टेढा छप रहा है," आणि ही उष्ट्या हाताने अर्धा तास समजावत बसते. पैशांचं विचारलं तर, "जाऊ दे गं, चूक माझीच होती." नोकरी सोडलीय हिने यासाठी. भाडं काय चाचा भरणार आहेत?

आणि हे आलंय तुझ्याकडून. तू वर्तमानपत्रावर कटिंग काढायचीस आणि चाळीतली जी मागेल तिला देऊन टाकायचीस. दोन दारं सोडून राहणारीने तुझाच कागद नेला आणि आपलीच गिऱ्हाइकं ओढली. मी भांडले, तर तू म्हणालीस, "कागद काय सरणावर घेवन जावचो आसा माका? पैसे शिलायचे घेवचे." मी चौथीतून नाव काढून शिवणाला बसलेली पोर, मला कुठलं कळायला? तिला पुढचा कागद दिला तो मी मुंढ्याला अर्धा इंच चोरून. गिऱ्हाइकाचं कापड वाया गेलं, ती रडत आली. तू कागदावर बोट फिरवलंस, माझ्याकडे एकदा बघितलंस, आणि आपल्या पेटीतलं कापड काढून तिला शिवून दिलंस. मला ओरडलीसुद्धा नाहीस. महिनाभर कात्रीला हात लावू दिला नाहीस, बस्स. त्यापेक्षा दोन धपाटे घातले असतेस तर बरं झालं असतं.

तर ते साहेब म्हणतात, यापुढचं काम फक्त आमचं, उघडं टाकायचं नाही, पगार चांगला देऊ. कटिंग आजींचं, म्हणून आजींचीही सही हवी. नात म्हणाली, "तुम्हीही फुकट वापरा की. मी येऊन बसवून देते, त्याचे पैसे द्या. बाकीच्यांचं दार लावू नका, एवढंच." बाई हसल्या, "ताई, धर्मादाय करून घर चालत नाही." शेजारीण लगेच, "बरोबर बोलतायत हो त्या!" तुला कोणी विचारलं गं? वाटी घे आणि नीघ! साहेबांनी पेन माझ्यापुढे धरलं. नात नुसती माझ्याकडे बघत राहिली, अगदी तुझ्यासारखी. मी म्हटलं, चष्मा सापडत नाही. चष्मा डोक्यावर होता, सगळ्यांना दिसत होता.

आता ऐक. चाचांच्या दुकानात शिकणाऱ्या मुली त्या छापील कागदावर ब्लाउज बेततात, मी स्वतः बघून आलेय. मुंढा अगदी तुझा बसतो. सही करून त्यांचा पुढचा कागद मी अडवणार नाही. एकदा केलंय ते. नातीला मात्र ठणकावून सांगितलंय, चाचांकडून दुरुस्तीचे पैसे घ्यायचे, नाही तर फोन मी उचलणार.

पण तुला एक सांगते, तिला नाही सांगितलं. जन्मभर शिवलं, पण शिलाईपलीकडे माझ्याकडचं काही विकत घ्यायला कोणी जिना चढून आलं नव्हतं गं. ते दोघे गुरुवारी परत येतो म्हणालेत. सही देणार नाही. पण त्यांनी मला आणखी एकदा विचारावं, असं वाटतंय.