शकुनच्या आळीतली विहीर

अकोला, मार्च १९५८

प्रिय जमुना,

नांदगावहून आईचं पत्र आलं. तू अजून ओसरी ओलांडत नाहीस म्हणे. मी इथे, तुझ्या सासरगावी, नळयोजनेचा आराखडा करायला आलोय, हे तुला मुद्दामच कळवलं नव्हतं.

गेल्या उन्हाळ्यात पटकीच्या साथीने माणसं गेली, तुझी शकुनही गेली. नळ आधी कुठल्या आळीत न्यायचा, ते त्या आकड्यांवरून ठरवायचं होतं. कागदांचा ढीग वाचून डोळे शिणले, पण काही उमगेना. मग बाबा आठवले. अक्षयतृतीयेला ते शेतात घट मांडायचे. गोल आखून धान्य ठेवायचे आणि दुसऱ्या दिवशी कुठला दाणा कुठे सरकला ते बघून पावसापाण्याचं सांगायचे. मी इंजिनीअर झाल्यावर एकदा हसलो, तर म्हणाले, "दाण्याले काही समजत नाही रे. पण एका नजरेत सारं दिसते. तुले हवं ते पाहू नको, मांडलं ते पाह्य."

मी खोलीतल्या फरशीवर खडूने गाव आखलं. विहिरीच्या जागी उडीद, गेलेल्या माणसाच्या दाराशी ज्वारी. तुझ्या दाराशी दाणा ठेवताना हात अडला. ठेवला, आणि उभा राहून नुसतं पाहिलं. ज्वारी सगळी तुमच्या आळीतल्या विहिरीभोवती दाटली होती. जाऊन तपासलं, तर मोरीचं पाणी आत झिरपत होतं.

तुझ्या सासूबाई अजून म्हणतात, "मायनं कैऱ्या चारल्या, पोरगी गेली." तूही तेच धरून बसलीस. जमुना, शकुन कैऱ्यांनी नाही गेली, त्या पाण्याने गेली. ते पाणी मीच पाजलं, असं आता तुझ्या मनात येईल. पण सारी आळी तेच पीत होती. तिला बघायला आलो तेव्हा मीही प्यालो होतो.

ती विहीर बुजवा, असं मीच लिहून दिलंय. पुढच्या आठवड्यात काम सुरू होईल. तिच्या काठावर बसून तू शकुनची हाक ऐकायचीस, म्हणून तर सगळ्यांनी तुला माहेरी धाडलं. काल दुपारी विहिरीची खोली मोजायला मी आत वाकलो. आळीत चिटपाखरू नव्हतं. खालून आवाज आला, "मामा." मी कुणाला सांगितलं नाही. बुजवायच्या आधी ये, जमुना. मी मोटारस्टँडवर येतो. एकट्याने त्या काठावर बसायला मला भीती वाटते.

तुझाच,
उद्धवदादा