अठरा माणसांचं जेवण

१४ मार्च, शुक्रवार

प्रिय बारक्या,

अनेक आशीर्वाद.

अक्षर ओळखू येणार नाही म्हणून आधीच सांगतो, मी तुझा भावोजी. हल्ली डाव्या हातानं लिहितो, त्यामुळे ओळी चढाला लागल्यासारख्या वर वर जातात. आम्ही दोघं बरे आहोत. तुझ्या ताईची टपाल कचेरीतली खिडकी बदलली. आता ती पार्सलांवर बसते आणि संध्याकाळी खांदे दुखतात म्हणून कुरकुरते. तुझी तब्येत, ते गोदामातलं काम, राहायची खोली, सगळं ठीक असेल असं धरून चालतो. विचारायचा हक्क मला आहे की नाही, ते पत्र वाचून झाल्यावर तू ठरव.

मोठी बातमी अशी की मी स्वयंपाकी झालोय. हसू नकोस. ज्या माणसानं चहा करताना दोनदा पातेलं जाळलं, तोच हा. गेल्या रविवारी मी एकट्यानं अठरा माणसांचं जेवण रांधलं, आपल्याच त्या दोन खोल्यांच्या घरात, आणि एकही माणूस अर्धपोटी उठला नाही.

सुरुवात कशी झाली ते सांगतो. हात बरा होत आला तेव्हा दवाखान्यातल्या व्यायामाच्या बाईंनी मला एक रबरी बॉल दिला. रोज तीनशे वेळा दाबायचा, म्हणजे उरलेल्या बोटांत ताकद येईल. मी आठ दिवस दाबला. पण बॉल दाबून दाबून शेवटी हातात काय येतं, तर बॉलच. मग एकदा ताई कामावर गेलेली असताना मी पीठ मळायला घेतलं. म्हटलं, हेच दाबू, संध्याकाळी खायला तरी मिळेल. पहिला पाव असा झाला की ताईनं तो दार अडवायला वापरला. खोटं वाटत असेल तर तिलाच विचार. दहावा पाव बरा झाला. पंचविसावा शेजारच्या शिंपीणबाईंना दिला, तर दुसऱ्या दिवशी त्यांनी रिकामी ताटली घेऊन दार वाजवलं. ताटली परत द्यायला नव्हे, पुन्हा भरून न्यायला.

तिथून मला चटक लागली. पुस्तकं बांधणाऱ्याला स्वयंपाक सोपा जातो, हे कुणी आधी का सांगितलं नाही कोण जाणे. छापखान्यात इतकी वर्षं मी कागद मोजला, घडी घातली, कडा जुळवल्या. कांदा त्याहून वेगळा नाही. माझ्या फोडी सगळ्या सारख्या असतात. पट्टी लावून बघ. लोणी घालून पिठाच्या घड्या घालायच्या तर त्या मी अशा घालतो की थर न् थर सुटा होतो. अंगठा आणि दोन बोटं पुरतात. सुरी मात्र डाव्या हातात.

तर जेवणाचं निमित्त असं. आपल्या बांधणी विभागाचे फोरमनसाहेब निवृत्त झाले. सगळ्यांनी हॉटेलात जायचं ठरवलं. मी म्हटलं, हॉटेल कशाला, माझ्याकडे या. सगळे हसले. मला वाटलं होतं तितके हसले नाहीत, पण हसले. घरी येऊन ताईला सांगितलं तर ती म्हणाली, "माणसं अठरा आणि आपल्याकडे खुर्च्या सहा. बाकीच्यांना काय खिडकीत बसवणार?"

म्हटलं, "बसवू."

आणि दोघांना खरंच बसवलं. खिडकीची कडा रुंद आहे, तुला आठवत असेल. शिंपीणबाईंनी दोन बाकं दिली, पलंगाची फळी विटांवर ठेवून लांब टेबल केलं, त्यावर छापखान्यातला उरलासुरला पांढरा कागद अंथरला. कागद मी आदल्या दिवशी दाबून सपाट केला होता. एक सुरकुती दिसली नाही त्यावर.

जेवणाचा बेत सांगतो, सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही. आधी लाल भोपळ्याचं सूप, वर भाजलेल्या बिया. दोन प्रकारचे पाव, एक साधा, एक कांद्याचा. लिंबू आणि लसूण चोळून भट्टीत भाजलेल्या चार कोंबड्या. आपल्या घरच्या भट्टीत एका वेळी एकच मावते, म्हणून उरलेल्या तीन शिंपीणबाई, वरचे मास्तर आणि कोपऱ्यावरचा बेकरीवाला यांच्याकडे. सकाळभर मी जिन्यावरून वर-खाली करत होतो, हातात घड्याळ, खांद्यावर फडकं. बेकरीवाला म्हणाला, "तुम्ही निवांत बसा, मी बघतो." मी म्हटलं, तुम्ही पावाचं बघा, कोंबडी माझी आहे. गाजर, बटाटे, बीट एकाच मापाचे कापून भाजलेले. शेवटी सफरचंदाचा केक, त्यावर फोडी अशा लावलेल्या की एकीची कड दुसरीच्या कडेवर बरोबर पाव इंच.

शिवाय जाताना प्रत्येकाच्या हातात काहीतरी द्यायचं होतं. रिकाम्या हातानं पाहुणा गेला की मला कसंसंच होतं. दोन आठवडे खपून संत्र्याचा जॅम केला, अठरा बाटल्या. साली इतक्या बारीक कापल्या होत्या की उजेडात धरल्या तर आरपार दिसायचं. प्रत्येक बाटलीला पुठ्ठ्याची पेटी, कोपरे कापडानं मढवलेले. आणि पेटीत एक छोटी वही, तळव्याएवढी, हातानं शिवलेली, तिच्यात त्या दिवशीच्या सगळ्या पदार्थांची कृती. वही शिवायला डावा हात चालत नव्हता. सुई तोंडात धरून, उजव्या हाताच्या उरलेल्या बोटांत दोरा अडकवून शिवली. पहिल्या तीन फेकल्या. उरलेल्या अठरा कुणीही बघाव्यात.

बारक्या, लोकांनी जेवताना बोलणं सोडलं. छापखान्यातली माणसं, तुला माहीत आहेत, जेवतानाही भांडतात. फोरमनसाहेबांनी पावाच्या तुकड्यानं ताटली पुसून घेतली आणि इकडे-तिकडे बघून दुसऱ्यांदा सूप मागितलं. ताई माझ्याकडे बघून हसत होती. तशी ती फार दिवसांनी हसली.

इथवर मी भरभर लिहिलं. आता हात आखडतोय.

केक वाढायच्या आधी फोरमनसाहेब बोलायला उठले. माझा उजवा हात धरून त्यांनी वर केला, सगळ्यांना दिसेल असा. म्हणाले, "त्या बेपर्वा माणसानं याची दोन बोटं घेतली. हात काही त्याला घेता आला नाही." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. खिडकीतले दोघं तर उभे राहिले. मला कुणी असं कधी उचलून धरलं नव्हतं. खरं सांगतो, ते मला आवडलं. फार आवडलं. ताई मात्र ताटलीकडे बघत होती.

टाळ्या थांबल्यावर आपल्या बांधणी विभागातल्या शिलाईवाल्या बाई, त्याच, सगळ्यांत जुन्या, ज्यांना कुणाची भीड नाही, सरळ मला म्हणाल्या, "तो आज इथं आला असता, तर त्याला वाढलं असतंत का हो?"

त्या टोचून बोलल्या नव्हत्या. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. माझ्या हातात केकची सुरी होती. मी म्हटलं, वाढलं असतं. आणि मग माझ्या लक्षात आलं की सगळे माझ्याकडे मोठ्या मनाचा माणूस म्हणून बघतायत. ते मला सोसवेना.

मी सुरी खाली ठेवली आणि म्हणालो, "साहेब, ती घडी मी घातली होती."

तुला सगळं माहीत आहे, तरी एकदा माझ्या हातानं लिहितो. कागद कापायच्या मशीनला दोन बटणं. दोन्ही हातांनी दोन्ही दाबली तरच पातं खाली यायचं, म्हणजे हात आत राहायची भीतीच नको. त्या आठवड्यात काम तुंबलं होतं. डाव्या बटणात पुठ्ठ्याची घडी कोंबून मी ते दाबलेलंच ठेवलं, म्हणजे एका हातानं कापता येईल आणि दुसऱ्यानं गठ्ठा सरळ करता येईल. तू मशीनवर नवा होतास. माझा उजवा हात पात्याखाली, गठ्ठ्यावर होता. गठ्ठा सरकवताना तुझा तळहात उजव्या बटणावर टेकला. एका बटणानं पातं यायलाच नको होतं. आलं, ते माझ्यामुळे.

घडी त्यांना बटणात सापडली. तू म्हणालास, मी नाही घातली. नव्या माणसाचं कुणी ऐकलं नाही. मला दवाखान्यात येऊन विचारलं, तेव्हा मी म्हणालो, मला काही आठवत नाही. त्या एका वाक्यावर तुझी नोकरी गेली. दुसऱ्या दिवशी तू खोलीच्या दारात येऊन उभा राहिलास. मी जागा होतो. डोळे मिटून पडून राहिलो. तू किती वेळ उभा होतास ते मला ऐकू येत होतं.

आणि तुझ्या ताईनं दोन वर्षं तुझा फोन उचलला नाही. फोन वाजायचा, ती नाव बघायची, पालथा ठेवायची. मी समोर बसून पाव खात असायचो.

तुला संशय आला असेल. घडी तू घातली नव्हतीस आणि मशीनवर दुसरा माणूस मीच होतो. तरी तू माझं नाव घेतलं नाहीस. ताईचा संसार म्हणून गप्प बसलास, की तुला वाटलं मी स्वतःच बोलेन? मी खूपदा विचार केला. उत्तर कुठलंही असलं तरी खुजा मीच ठरतो.

तर त्या दिवशी टेबलाशी मी एवढंच म्हणालो. फोरमनसाहेबांनी माझा हात सोडला. म्हणाले, "चौकशीच्या कागदावर सही माझी आहे." मी म्हटलं, हो. ते म्हणाले, "उद्या सकाळी दहा वाजता छापखान्यात ये. मी निवृत्त झालोय, तरी येईन."

ताई उठली. मला वाटलं ती आत जाईल. तिनं सुरी उचलली आणि केक कापायला घेतला. सगळ्यांना वाढला, एकेकाला नावानं विचारून, आणखी हवा का, म्हणून. पाहुणे आपले होते, त्यांना उपाशी पाठवायचं नव्हतं तिला. जाताना पेट्याही तिनंच हातात दिल्या. काहींनी घेतल्या. तिघांनी टेबलावरच ठेवल्या. फोरमनसाहेबांनी घेतली, पण माझ्याकडे बघितलं नाही.

सगळे गेल्यावर मी भांडी घासायला घेतली. ती मागे उभी राहून म्हणाली, "दोन वर्षं मी त्याचा फोन उचलला नाही. तुम्ही समोर बसून बघत होतात."

मी हो म्हणालो.

"मी त्याला आईच्या जागी होते," ती म्हणाली. मग ओट्याजवळच्या स्टुलावर बसून रडली. मी जवळ गेलो तर हातानं लांब राहा म्हणाली. मी भांडी घासत राहिलो. अठरा माणसांची भांडी होती.

सोमवारी आम्ही गेलो. व्यवस्थापकांसमोर मी सगळं लिहून दिलं, फोरमनसाहेबांनी खाली सही केली आणि आपलं आधीचं म्हणणं चुकीचं होतं असं स्वतःच्या अक्षरात जोडलं. छापखान्यानं तुझ्या नावाचं पत्र दिलंय, तुझ्यावरचा ठपका काढल्याचं, ते सोबत आहे. त्यांना तू परत यायला हवा आहेस, तसंही त्यात लिहिलंय. यायचं की नाही ते तुझं तू बघ. माझं काय करायचं ते अजून ठरायचंय. जे करतील ते मान्य आहे. शिलाईवाल्या बाईंनी परवा येऊन विचारलं की कांद्याच्या पावाला किती वेळ लागतो. एवढंच बोलल्या. मला तेवढंही पुष्कळ झालं.

ताई तुला त्याच दिवशी फोन करणार होती. हातात फोन घेऊन बसली आणि ठेवून दिला. म्हणाली, "आधी तुम्ही लिहा. मग मी जाईन." पुढच्या रविवारी सकाळच्या गाडीनं ती तुझ्याकडे येतेय. तिच्यासोबत मी पाव आणि कोंबडी देणार आहे. ती नको म्हणाली नाही. माझ्याशी कामापुरतं बोलते, पण काल तिनं विचारलं की बारक्याला तिखट चालतं ना अजून. मी येणार नाही. तू बोलावल्याशिवाय तुझ्या दारात येऊन उभा राहणार नाही.

माफी मागायला लिहायला बसलो होतो आणि निम्मं पत्र स्वतःच्या स्वयंपाकाचं कौतुक करण्यात गेलं, हे मला दिसतंय. खोडत नाही. जेवण उत्तम झालं होतं, बारक्या. दोन वर्षांत मी केलेली ती एकच गोष्ट, जी कुणालाही दाखवावी. ती तुला दाखवावीशी वाटली, कारण तुझ्याइतका चवीनं खाणारा माणूस आपल्या घरात दुसरा नव्हता. तू टेबलाशी असतास तर सूप तीनदा मागितलं असतंस.

माझ्याकडून चुकलं. मी खोटं बोललो, आणि ते तू फेडलंस.

पत्राच्या शेवटी नातं लिहायची पद्धत असते. कोण म्हणून सही करू, ते मला कळत नाही. तेवढी जागा मोकळी सोडतोय. ती तू भर, किंवा तशीच राहू दे.

तुझा